वाढीला लागलेला घोडा

गुरुबसप्पा माळेगावच्या यात्रेतून घोडा घेऊन घरी आले, तेव्हा गल्लीत सगळ्यात आधी तोंड उघडलं ते शेजारच्या अण्णाराव गुरुजींनी. मधल्या भिंतीवरून मान काढून ते म्हणाले, "अप्पा, हे गाढव कुठं घावलं?"

नीलम्मा दारातच उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. घरात नवं जनावर आलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरी उतरून टाकायची, कपाळाला विभूती लावायची, हे तिच्या आईपासून चालत आलेलं. गाईच्या कपाळाला हात पुरतो, घोड्याच्या पुरेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून तिनं चढून उभं राहायला पाट आणून ठेवला होता. पाटाची गरज पडली नाही. उलट वाकावं लागलं.

गुरुबसप्पांची सगळी हयात लातूरच्या गंजबाजारात एका अडत दुकानावर मुनिमकी करण्यात गेलेली. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि कुणी वर बघून बोललं नाही तर दुखावणारं मन. अहमदपूर, चाकूर असं करत, दोरी हातात धरून ते पायी आले होते. धोतर मातीच्या रंगाचं झालं होतं. माणूस घोडा घेऊन येतो आणि पायी येतो, हे बघून गल्लीतली पोरंसुद्धा खेळायची थांबली.

"गाढव न्हाई, घोडा हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "लहान हाय अजून. वाढंल."

ते "वाढंल" त्या दिवशी तोंडातून निघालं आणि पुढची दोन-अडीच वर्षं घरात राहिलं. घोड्यासारखंच, खाऊन पिऊन.

घोडा कशाला पाहिजे होता, हे गल्लीला ठाऊक होतं. पण ठाऊक असूनही विचारण्यात गल्लीला सुख वाटायचं. गुरुबसप्पा-नीलम्माला एकच लेक, शांतम्मा. ती हदगावला दिली होती आणि तिथंच तापाचं निमित्त होऊन गेली. जावई सिद्धलिंग माणूस वाईट नव्हता. वर्षाच्या आत दुसरी करून आणली, एवढंच. मागं राहिली गौरा. नात एकुलती, आणि ती हदगावला. आई होती तेव्हा दर सुट्टीला यायची. तीन-चार वर्षांमागं शेवटची आली तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेत एका घोडेवाल्यानं तिला एक चक्कर मारून खाली उतरवलं, तशी ती जमिनीवर लोळून रडली होती. आज्जानं खांद्यावर घेतलं, तेव्हा हुंदक्यात म्हणाली, "आज्जा, घरी घोडा असता तर मी हितंच राहिले असते."

लेकराचं बोलणं लेकरू विसरतं. आज्जा विसरले नाहीत.

नीलम्माचा नेम कडक. रोज इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, सोमवारी निरंकार उपास, श्रावणात बोलणंसुद्धा मोजकंच, आणि एरवीही ती बोलायची ते समोरच्याला कान पुढं करावा लागेल इतकं हळू. घोडा दारात बांधला त्या सोमवारी तिनं लिंगाला बेल वाहिला आणि मनात धरलं: गौरा या अंगणात या घोड्यावर बसेपर्यंत गूळ-साखर तोंडात घालणार नाही. चहा बिनसाखरेचा सुरू झाला. सणाला पुरण शिजवायचं, वाढायचं, आणि आपण आमटी-भात जेवून उठायचं. कुणी विचारलं तर ती नुसती हसायची, आणि बायका समजायच्या, नीलम्माला साखरेचा आजार झाला.

गुरुबसप्पांनीही आपल्या परीनं नेम धरला. गौराच्या आधी घोड्यावर कुणी बसायचं नाही, आणि गौरा ठेवील तेच नाव. तोवर त्याला "घोडा" म्हणायचं. कुणाच्या तोंडून "टट्टू" निघालं तर ते दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसत. त्यामुळे त्या उन्हाळ्यात त्यांचं बोलणं फारच कमी झालं.

आता वाढायचं म्हणजे खायला पाहिजे. घोडा कसा वाढवायचा हे गल्लीत घोडा नसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अण्णाराव गुरुजी म्हणाले, भिजवलेले हरभरे. समोरची साखराबाई म्हणाली, हरभऱ्यानं पोट फुगतं, करडईची पेंड घाला. आणि वाढत्या जनावराला दृष्ट लई लवकर लागती, म्हणून तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या पायात काळा दोरा बांधला. महिनाभरात घोडा केसभरही वाढला नाही, तेव्हा तीच आली आणि म्हणाली, "आगं बया, पायात दोरा बांधल्यावर कसा वाढंल त्यो? वाढ बांधून टाकलाव की तुमी!" दोरा सुटला. घोड्याला दोन्ही सारखंच होतं.

हे जनावर नीलम्माला हळूहळू कळत गेलं. ते कधी उधळायचं नाही, लाथ मारायचं नाही. दिलं ते खायचं. नाही दिलं तर जे समोर असेल ते. कडबा, उसाचं पाचट, अण्णाराव गुरुजींचा वाळत घातलेला पंचा, जुन्या केरसुणीचा अर्धा भाग. पाणी थोडकंच प्यायचं आणि प्यायल्यावर तोंड तिच्या पदराला पुसायचं. पूजेच्या वेळी ओसरीला टेकून उभं राहायचं, डोळे अर्धे मिटून. नीलम्माला वाटायचं, मागच्या जन्मी कुणीतरी शरण, मोठा शिवभक्त असणार. मग एका सकाळी ती पूजेला बसली तर परडीत बेल नाही, आणि शरणाच्या जबड्यातून तीन पानं बाहेर डोकावतायत.

त्या वर्षी बेलाचंही अवघड झालं होतं. पाऊस आदल्या सालीच फिरला होता. गल्लीच्या टोकाला मठातलं बेलाचं झाड तेवढं हिरवं होतं. घोडा एकदा सुटला तो थेट तिथंच गेला आणि मान पोचेल तिथवरचं झाड साफ केलं. मान फार वर पोचत नव्हती, हे झाडाचं नशीब. मठाचे स्वामी संतापले. नीलम्मा पदर पुढं ओढून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "स्वामी, पानं शिवाचीच होती. त्याच्याच एका लेकरानं खाल्ली." स्वामींनी घोड्याकडं बघितलं. घोड्यानं डोळे अर्धे मिटले. "हाव, पर लेकरू बांधून ठेवत जा," स्वामी म्हणाले.

उन्हाळा चढला तसं पाणी गेलं. टँकर यायचा, घागरींची रांग लागायची आणि रांगेत सगळ्यांची जीभ मोकळी व्हायची. "मान्सालाच न्हाई, आन् ह्यांचा घोडा पेऊलालाय," असं कुणीतरी नीलम्माला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणायचं. ती तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, आणि स्वतःच्या आंघोळीतून वाचवलेली एक कळशी, एवढ्यावर घोड्याचं भागवायची. मे महिन्यात ती ओल्या पंचानं अंग पुसून पूजेला बसायला लागली. नेमाला हे चालतं का, हे तिनं स्वामींना विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर काय करणार होती?

गौराला बोलावणं गेलं होतंच. हदगावहून सिद्धलिंगाचं कार्ड आलं: लातूरला पाणी नाही असं ऐकतो, अशात लेकराला कसं पाठवावं, पाऊसकाळ बघून पाठवू. घोड्याबद्दल एक ओळ नव्हती. गुरुबसप्पांनी ते कार्ड घडी करून टोपीत ठेवलं.

मग कडबा संपला. पेंड तर केव्हाच संपली होती. सरकारनं चारा डेपो उघडला, असं कळलं, आणि गुरुबसप्पा इस्त्रीचं धोतर नेसून तिकडं गेले. खिडकीत निवृत्ती नावाचा कारकून बसला होता. त्यानं विचारलं, "जनावर कोणतं?"

"घोडा."

"घोड्याला चारा न्हाई. बैल, गाय, म्हस. घोडा शौकाचं जनावर हाय."

गुरुबसप्पांच्या आयुष्यात शौक म्हणून एकच गोष्ट होती, जेवणानंतर अर्धी सुपारी. त्यांना ते फार लागलं. पण ते निघून गेले नाहीत. निवृत्तीनं सांगितलं की जनावर कामाचं आहे असा डॉक्टरचा दाखला आणा. डॉक्टर नव्या जिल्ह्याच्या कचेरीत. जिल्हा नुकताच झाला होता. लातूरकरांनी पेढे वाटले होते, आणि गुरुबसप्पांनीही गल्लीत वाटले होते. नीलम्मानं तेव्हा दोन खाल्ले होते, हे तिला आता उगीचच आठवायचं. जिल्हा झाला होता, पण त्याला बसायला जागा व्हायची होती. कचेरी एका सरकीच्या गोदामात होती. पाटी आधी लागली होती, खुर्च्या मागून येणार होत्या. शिपाई म्हणाला, दाखल्याचे छापील कागद उस्मानाबादच्या कपाटात आहेत, आणि कपाट अजून यायचंय. उस्मानाबादला जाऊन आले तर तिथला म्हणाला, आता तुमचा जिल्हा वेगळा, आम्ही कसं द्यायचं? शिवाय घोडा माळेगावचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. तीन जिल्ह्यांमध्ये मिळून एका घोड्याला पेंढीभर कडबा मिळत नव्हता.

शेवटी नवरा-बायको दोघंही घोडा घेऊनच गोदामावर गेले. गुरुबसप्पा शिपायाशी कपाटाबद्दल बोलत आत गेले. नीलम्मा बाहेर लिंबाखाली घोड्याची दोरी धरून उभी राहिली. तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, बिचारे खुर्ची नाही म्हणून उभ्यानंच काम करत होते. त्यांनी घोड्याचे ओठ वर केले, दात बघितले, परत बघितले.

"अव्वा," ते म्हणाले, "घेताना दात बघितले होते का?"

"वाढीचा हाय," नीलम्मा म्हणाली. "अजून लहान हाय."

डॉक्टरांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "हा वाढून कितीतरी वर्षं झालीत. म्हातारा आहे हा. आपल्या भागातल्या टट्टूची जातच एवढी. चिवट असतात, कमी खाण्यात जगतात, पण उंची एवढीच. पाठ बघा, झोळ पडलाय. उलट आता खचतच जाणार."

नीलम्मानं आतल्या बाजूला बघितलं. गुरुबसप्पा टोपी काढून शिपायाला काहीतरी समजावत होते. टोपी ते कुणापुढं काढत नसत.

"डॉक्टर," ती इतकं हळू म्हणाली की त्यांना वाकावं लागलं, "ह्यांना सांगू नका."

डॉक्टरांनी सांगितलं नाही. दाखलाही दिला नाही, कारण कागदच नव्हते. पण त्यांनी निवृत्तीच्या नावानं एक चिठ्ठी दिली, आणि निवृत्तीनं आपल्या वहीत लिहिलं: बैल, लहान, एक. शिंगे: नाहीत. वर म्हणाला, "अप्पा, आता ह्यो शिवाचा नंदीच झाला की, मग काय पाहिजे?" ज्या घोड्याला टट्टू म्हटलेलं खपत नव्हतं, त्याला सरकारनं बैल म्हटलं, आणि गुरुबसप्पांनी मान खाली घालून पेंढी उचलली. घराजवळ आल्यावर म्हणाले, "वाढला की दाखवतो त्याला."

ते दर सोमवारी मोजायचे. घोडा गोठ्याच्या भिंतीला लावून उभा करायचा, वशिंडाच्या जागी फळी आडवी धरायची आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. इतके दिवस रेघेवर रेघ पडत होती. काळा पट्टा नुसता जाड झाला होता. अण्णाराव गुरुजी भिंतीवरून विचारायचे, "किती वाढला?" आणि गुरुबसप्पा फळी पुसायचं निमित्त करून खाली बघायचे.

डॉक्टरांकडून आल्यावर पुढच्या रविवारी नीलम्मानं गोठ्यात मुरूम पसरला. चिखल होतो म्हणून, असं सांगितलं. त्या दुष्काळात चिखल कुठून होणार होता, हे कुणी विचारलं नाही. घमेलं घमेलं आणून, घोड्याच्या पायाखाली चोपून, वर शेणानं सारवून ती उठली तेव्हा कंबर धरली होती. सोमवारी फळी लागली, रेघ ओढली गेली, आणि ती जुन्या पट्ट्याच्या वर होती.

गुरुबसप्पांनी रेघेकडं बघितलं. मग घोड्याकडं. मग मोठ्यानं, भिंतीपलीकडं जाईल असं म्हणाले, "बोटभर वाढला!"

नीलम्मा लिंगापुढं बसली आणि खोटेपणाची क्षमा मागितली. मग महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मुरूम पसरला.

दुसऱ्या उन्हाळ्याला हदगावहून कार्ड आलं, गौराची शाळा मोठी झाली, सुट्टीत जादा वर्ग आहेत. दिवाळीला कार्ड आलं, घरात बाळंतपण आहे, गौराशिवाय हात नाही. गुरुबसप्पांच्या टोपीत कार्डं वाढली. घोडा, म्हटलं तर, चार-पाच बोटं वाढला. गोठ्याचा दरवाजा उघडताना आता खालून घासायला लागला.

आणि मग, पाऊस होऊन पुन्हा उन्हं तापायच्या दिवसांत, कार्ड आलं की सिद्धलिंग एका लग्नाला लातूरला येतोय. गौराला घेऊन येईल. सकाळी सोडील, संध्याकाळच्या गाडीनं परत नेईल.

"एक दिवस?" नीलम्मा म्हणाली.

"येऊलालीय ना," गुरुबसप्पा म्हणाले, आणि घोडा धुवायला गेले.

त्यांनी घोड्याच्या कपाळावर गोंडे बांधले. पाठीवर शांतम्माच्या लग्नातली शाल घातली. गल्लीनं इतकी वर्षं या घोड्याची वाट बघितली होती, त्यामुळे सगळी गल्ली भिंतींवर, ओट्यांवर येऊन बसली. नीलम्मानं शेंगाच्या पोळ्या केल्या, आणि देव्हाऱ्यात एका वाटीत गुळाचा खडा काढून ठेवला.

रिक्षातून एक मुलगी उतरली. नीलम्मा तिच्या मागं बघत राहिली, गौरा कुठं आहे म्हणून. मग ती मुलगी वाकून पाया पडली आणि उभी राहिली, तर ती नीलम्मापेक्षा उंच होती. दोन वेण्या, परकरावर ओढणी घेतलेली, ओढणीचं टोक सतत सारखं करणारी. नाक शांतम्माचं. आवाज कुणाचाच नाही.

"बघ तर," गुरुबसप्पा म्हणाले. "घरचा घोडा. तुझा."

गौरानं घोड्याकडं बघितलं. गल्लीकडं बघितलं. "आज्जा, मी... आता मोठी झाले ना. लाज वाटते."

"त्यो बी मोठा झाला," गुरुबसप्पा म्हणाले. "इचार गुरुजींना. चार-पाच बोटं वाढला."

गौरा एकटक आज्जांच्या हातातल्या दोरीकडं बघत होती. दोरीचे दोन वेढे त्यांनी मनगटाला घेतले होते. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि एका टांगेत घोड्यावर बसली. चढायला पाटाची गरज तिलाही पडली नाही. घोड्याची पाठ आणखी खाली गेली, आणि तिच्या चपलांची टोकं जमिनीला लागली.

साखराबाईनं तोंडाला पदर लावला. समोरच्या ओट्यावरून एक हसू निघायला लागलं होतं. तेवढ्यात नीलम्मानं बघितलं, की गौरानं हळूच दोन्ही गुडघे वर ओढून घेतले, पाय मागं दुमडले, आणि दोन्ही हातांनी आयाळ धरून ती ताठ बसली. जमिनीपासून पाय चांगले वर. गुरुबसप्पा पुढं दोरी धरून चालत होते, त्यांना मागचं दिसत नव्हतं. घोडा आपला डोळे अर्धे मिटून चालला. अंगणाची एक चक्कर झाली.

"अजून?" आज्जांनी विचारलं, मागं न बघता.

"हाव," गौरा म्हणाली. तिच्या मांड्या थरथरत होत्या. "अजून एक."

गल्ली हसायची राहिली.

उतरल्यावर नीलम्मा म्हणाली, "नाव ठेव की. तुझ्यासाठी ठेवलंय." गौरानं खूप विचार केला. म्हणाली, "पुढच्या वेळी ठेवते, आज्जी." आणि मग जेवताना ती हदगावच्या शाळेबद्दल बोलली, नव्या भावाबद्दल बोलली, त्याला दात येतायत असं म्हणाली. नीलम्मा पोळी वाढत राहिली. सिद्धलिंग ऊन उतरल्यावर आला. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, चहा झाला, आणि रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली.

दिवेलागणीच्या आधी नीलम्मा देव्हाऱ्यातली वाटी घेऊन गोठ्यात आली. नवस फिटला होता. गुरुबसप्पा घोड्याची शाल काढून घडी घालत बसले होते.

"पाय लागत होते तिचे," ते म्हणाले.

"तुमी बघितलाव?"

"सावली पुढंच पडत होती की."

नीलम्मा खाली बसली. ते म्हणाले, "माळेगावच्या बाजारात मलप्पा घोडेवाल्यानं सांगितलं होतं मला. म्हणाला, मालक, हा एवढाच राहतो, मोठा पाहिजे तर ह्यो पलीकडचा घ्या. पलीकडचा उंच होता. मी म्हणालो, उंच नको. नात एवढीशी हाय, भेईल. तिच्या मापाचा दे."

"मग वाढंल म्हणालाव ते?"

"गुरुजी गाढव म्हणाले," गुरुबसप्पा म्हणाले. "तोंडातून निघून गेलं. मग तू हरभरे भिजवायला लागलीस." त्यांनी शालीची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मुरूम तू कवापासून टाकूलालीस?"

"डॉक्टरनं दात बघितले तवापासून."

घोड्यानं दोघांच्या मधून मान पुढं केली आणि वाटीकडं हुंगलं. नीलम्मानं खडा फोडला. एक तुकडा त्यांना दिला, एक घोड्याला. उरलेला तिनं स्वतःच्या तोंडात घातला, आणि तो बराच वेळ तसाच जिभेवर राहिला. इतक्या दिवसांनी गोड चाखताना तोंडाला काय करायचं ते आठवत नव्हतं.

पुढच्या सोमवारी पूजा आटोपून ती बाहेर आली, तर गुरुबसप्पा फळी आणि कोळसा घेऊन गोठ्यात उभे. घोडा भिंतीला लागून. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती घोड्याची मान धरायला गेली. फळी लागली, रेघ ओढली. गेल्या वेळच्या रेघेच्या थोडी खालीच पडली.

भिंतीवरून मान वर आली. अण्णाराव गुरुजींनी आधी घोड्याकडं बघितलं, मग दोघांकडं, आणि नेहमीपेक्षा बराच खालचा आवाज काढून विचारलं, "वहिनी, किती वाढला?"

नीलम्मानं आवाज चढवून बोललेलं गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते समोरच्या साखराबाईलाही ऐकू गेलं.

"बोटभर वाढला, गुरुजी."